सातवं नाव
शनिवार, संध्याकाळी साडेपाच. हजर: मी, चर्चमधल्या दोघी आणि खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले कंट्रोलर काका.

श्रद्धेपायी परदेशी तुरुंगांत डांबलेल्या ख्रिश्चनांसाठी आम्ही नौपाड्यात दर महिन्याला पत्रं लिहितो, त्यांना आणि तिथल्या सरकारांनाही. यादी माझ्याकडे असते. कैद्याच्या पत्रात काका प्रार्थनेचा शब्दही येऊ देत नाहीत. "ताई, आधी जेलर वाचतो. कुंडीतल्या कढीपत्त्याचं लिहा." घड्याळ बघत प्रत्येक पाकिटावर वेळ टाकतात. "काका, गाडी सोडताय का?" म्हणून दोघी चिडवतात. ते हसत नाहीत.

आज सातव्या नावाचं पत्र परत आलं. वर शिक्का होता: हा कैदी इथे नाही. सुटला, हलवला की मेला, कळायला मार्ग नाही. मी नावावर रेघ मारली.

काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं. "गाडी पोचली नाही म्हणून आम्ही कधी वहीतून खोडली नाही, ताई. पुढच्या डेपोला फोन लावत राहायचो."

त्यांनी ते नाव खाली पुन्हा लिहिलं. पत्त्याची जागा कोरी सोडली.

कैद्याच्या वकिलाकडून नवा पत्ता मिळवणं माझ्याकडे आहे. तीनदा फोन केला. अजून कोणी उचललेला नाही.