समोर येऊन बोलणारे वायाळकाका

गोदामातला इंटरकॉम वाजला की वायाळकाका आलेला नंबर पाहत, रिसीव्हर उचलून "आलोच" एवढंच म्हणत आणि ठेवून देत. थोड्या वेळात आवार ओलांडून ते फोन करणाऱ्याच्या टेबलासमोर हजर. मे महिन्याचं ऊन असलं तरी यात बदल नाही. रुमालाने मान पुसत खुर्ची ओढायची, समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायचं आणि म्हणायचं, "हां, बोला ताई."

मी एकदा म्हटलं, "काका, एवढंसं तर काम. फोनवरच सांगितलं असतं."

"फोनमधी माणूस दिसत न्हाई," ते म्हणाले. "मंग बोलायला काय मजा?"

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी होती. मी हिशेब विभागात, ते गोदामाचे प्रमुख. त्याआधी ऐन उमेदीची वर्षं त्यांनी लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये काढली होती. पेरणीच्या तोंडावर गोदामाबाहेर ट्रकांची रांग लागायची आणि ड्रायव्हर वैतागलेले असायचे. काका चिडलेल्या ड्रायव्हरला समोर बसवत, पाणी देत आणि त्याचं शेवटपर्यंत ऐकत. मध्ये एक शब्दही बोलत नसत. "सगळे नुसते ओरडतेत, वायाळकाका ऐकून घेतेत," असं ड्रायव्हर म्हणायचे. कधी मागून हाक मारली तर काका वळतही नसत, विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसत. माणूस आपल्याच तंद्रीत असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तब्येत विचारली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "समदं बराबर आहे. बिलकुल बराबर."

मग ऑफिसात, प्रयोगशाळेत आणि गोदामात कॉम्प्युटर आले, ते तारेने जोडले गेले. औरंगाबादच्या एका माणसाने त्यांवर चॅटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. दोन महिने फुकट वापरा, आवडलं तर पैसे भरा, असा व्यवहार होता. आम्हाला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. काका मात्र माझ्याकडून हट्टाने शिकले. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेका बोटाने. पंधरवड्यात ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त लिहू लागले. "बाजरीची गाडी निघाली." "प्रयोगशाळेत चहा आला, आमचा कुठं अडकला?" एकदा तर, "ताई, आज तुम्ही रागात दिसून राह्यल्या. साहेब बोलले का?" इतका बोलका, खोडकर माणूस इतकी वर्षं आमच्यात होता हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुदत संपत आली तशी मॅनेजर बोराडेसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. वर्षाची फी त्यांना जड वाटत होती. विक्रीचा नंदू म्हणाला, "मी निम्मा वेळ गावोगाव फिरतो, मला काय उपयोग?" प्रयोगशाळेच्या शुभांगी मॅडम म्हणाल्या, "इंटरकॉम आहेच की." मीही तेच म्हणाले. साहेब उठून खिडकीचा पडदा सारत होते. पाठमोरेच म्हणाले, "म्हणजे बंद करू. वायाळ, तुमचं काय मत?"

काका गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. काका आमचे चेहरे बघत होते. सगळे आपल्याकडे का पाहतात, हे त्यांना उमगत नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावून साहेबांकडे बोट केलं.

ते उभे राहिले. "साहेब, इकडं तोंड करून बोला. मला ऐकू येत न्हाई."

साहेब वळले.

"मिलमधी कान गेले. उजवा पुराच गेला, डावा थोडा चालतो. समोरचं तोंड दिसलं की समजतं. फोनमधी नुसता घरघर आवाज येतो. नोकरी जाईन म्हणून बोललो न्हाई." त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "बंद करायचं चाललंय ना? मला तर आत्ताच कुठं ऐकू यायला लागल्तं."

काका साहेबांच्या टेबलाजवळ सरकले. ते म्हणाले, "खर्चा जास्ती होत असंल तर माझ्या एकट्याच्याच मशीनवर राहू द्या."

शुभांगी मॅडम त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या एकट्याच्या मशीनवर ठेवलं तर तुम्ही लिहिणार कुणाला, काका?"

काका हसले आणि मग आम्हीही. साहेबांनी सगळ्या मशीनसाठी पैसे भरायला सांगितलं.

गोष्ट तिथेच गोड झाली नाही. मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नसताना हा माणूस इतकी वर्षं आवारात फिरत होता, या विचाराने साहेब हादरले होते. आठवड्याभरात त्यांनी काकांचं टेबल आत, ऑफिसात आणलं. कुठली गाडी कधी भरायची ते ठरवण्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं, पण आवार सुटलं. काका बरेच दिवस दुखावलेले होते. "खरं बोललो आन् गोदाम गेलं," असं त्यांनी मला चॅटवर लिहिलं. मी चहा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. पुढे ते रुळले. निवृत्त होईपर्यंत त्यांचं तेच टेबल होतं.

निवृत्तीनंतर ते घनसावंगीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी आणि शुभांगी मॅडम काकूंना भेटायला गेलो. त्या ओसरीवर बसल्या होत्या. बोलता बोलता मीटिंगचा विषय निघाला.

"त्या दिवशी घरी आल्यावर मला बी सांगितलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "तवर मला ठावंच नव्हतं. मी चुलीपासून हाका मारायची, हे उत्तर द्यायचे न्हाईत. मला वाटायचं, माणूस माझ्यावर रुसलेलाय. मंग मी बी बोलणं कमी केलं. निम्मा संसार असाच गेला, बाई."

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"पण नंतरची वर्षं लई चांगली गेली. संध्याकाळी समोरासमोर बसायचो आम्ही. लई बोलायचे."