कामथडीच्या पुलावरचा दस्तगीर

१९४२ सालची दिवाळी झाली आणि आमच्या तुकडीला कामथडीच्या पुलावर गार्ड ड्युटी मिळाली. मी हवालदार, हाताखाली दहा जवान, तंबूत एक फील्ड टेलिफोन. आफ्रिकेत जखमी होऊन मी नुकताच परतलो होतो. घर पालीला, राजगडाच्या पायथ्याशी.

चळवळीतल्या भूमिगतांच्या बॉम्बची धास्ती सगळीकडे होती. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला आम्ही पुलाच्या कमानी तपासायचो. दिवसभर गाड्यांची झडती. लान्स नाईक दस्तगीर शेख माझा दुय्यम. भोरचा. त्याचे वडील तिथे बैलांना नाल ठोकत. गाडीवाल्यांना तो नावानं ओळखायचा, झडती घेताना पोराबाळांची चौकशी करायचा. लोक त्याच्याशी मोकळे बोलत.

बाजाराचा दिवस होता. साडेनऊला यमुनाबाई धावत वर आली. ती पुलाखाली धुणं धुवायची.

"हवालदार, मधल्या कमानीत डबा हाय. आतनं टिकटिक येतीया."

सहाला तिथं काहीच नव्हतं. मी पुण्याला फोन लावला.

"कामथडी गार्ड. पुलाखाली बॉम्ब."

"बॉम्ब निकामी करायला सॅपर्स निघतात. दोन तास लागतील. पूल रिकामा करा."

पुलावर गाड्यांची रांग होती आणि मधोमध एकीचा आस मोडलेला. बायाबापड्या मध्येच अडकल्या होत्या. मी ओरडत माणसं हटवू लागलो. खाली पाहिलं तर दस्तगीर रायफल ठेवून कमानीत शिरलेला.

"दस्तगीर, थांब!"

"गाड्या निगायच्या न्हाईत, साहेब. तुमी माणसं हटवा. म्या डोहाकडं नेतो."

त्यानं डबा छातीशी धरला आणि नदीच्या पात्रातून सावकाश चालत निघाला. डोहापर्यंत पोचला नाही. स्फोटानं पूल हादरला, पण उभा राहिला. वरच्या एकाही माणसाला खरचटलं नाही.

बारा वाजता पुण्याहून गोरा कॅप्टनसाहेब दोन लॉऱ्या घेऊन आला. हिंदुस्तानीत म्हणाला, "गावातले सगळे पुरुष रांगेत आणा. कबूल होईपर्यंत फटके. घरं खणून काढा."

रांगेत पहिला उभा केला तो यमुनाबाईचा नवरा, पाथरवट. मी सावधान उभा राहिलो.

"साहेब, खबर याच्या बायकोनं दिली. पिशवीवाली दोन परकी माणसं तिनं पाहिलीत. यांना मारलंत तर पुढची खबर कोण देणार?"

"हा हुकूम आहे, हवालदार."

"लेखी द्या, साहेब. त्याशिवाय माझे जवान हात उचलणार नाहीत."

माझे नऊ जवान जागचे हलले नाहीत. साहेब लालबुंद होऊन फोनकडे गेला. पंधरा मिनिटं बोलला. लेखी हुकूम काही मिळाला नसावा; परत आला आणि लॉऱ्या घेऊन निघून गेला. हुकूम मोडला म्हणून माझ्या बाहीवरची तिसरी फीत काढली, मी नाईक झालो. यमुनाबाईनं सांगितलेल्या वर्णनावरून पाचव्या दिवशी दोघे सापडले. त्यांच्यावर कोर्टात खटला चालला.

स्वराज्य मलाही हवं होतं. पण बाजाराला निघालेल्या बाया मारून ते येत नाही, आणि निरपराध गाव झोडपून राज्य टिकत नाही. सरकारनं काय करावं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: पहारा चोख ठेवा, ज्यानं केलं त्याला धरा, बाकीच्यांच्या दाराला हात लावू नका.

दस्तगीरच्या घरी कागद गेला: अपघाती मृत्यू. मी तीनदा अर्ज केला, तो अपघात नव्हता. उत्तर आलं नाही.

लढाई संपून घरी येताना मी पुलावर थांबलो, तेव्हा पाथरवटानं पुलाच्या कठड्यावर छिन्नीनं कोरलं होतं: लान्स नाईक दस्तगीर शेख, भोर. मी तिथं उभा असतानाच बांधकाम खात्याचा ओव्हरसियर नाव पुसायला माणसं घेऊन आला. यमुनाबाई दगडाला पाठ लावून उभी राहिली. मी आणि तिचा नवरा तिच्या शेजारी.

"सरकारी पुलावर नाव कोरायला परवानगी कुणाची?" त्यानं विचारलं.

"डबा उचलताना त्यानं कुणाची परवानगी मागितली व्हती?" ती म्हणाली.

ओव्हरसियरनं अवजारं गोळा करायला सांगितली. मग माणसांना घेऊन गेला.