जावयासाठी काढलेली साखळी

तळ्यावर येणाऱ्या माणसाला सगळं कळतं, फक्त वारं कळत नाही. सहा वर्षं धक्क्यावर खुर्ची टाकून बसलो, तेव्हा हे सांगतोय. पाटबंधारे खात्यात सारी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या हाताखाली भाजी निवडण्यापेक्षा बरं, म्हणून रेणापूरच्या अलीकडं एका तळ्यावर बोटींचं काम बघायला लागलो. पायानं चालवायच्या सहा प्लास्टिकच्या बोटी आणि वेळ पडली तर धावायला एक मोटरबोट. बोटी ओढायला-बांधायला एक नावाडी होता, माझ्याच वयाचा, मासे धरण्यात आयुष्य गेलेला. माझं काम एकच. बोटी कधी सोडायच्या आणि कधी बंद करायच्या, ते ठरवायचं. बंद म्हणजे धक्क्याच्या तोंडाला आडवी साखळी.

"वारं किती झालं की बंद करता?" असं लोक विचारायचे, जसं काही वारं किलोवर मिळतं. काय सांगणार कप्पाळ. पाण्यावर बारीक काटा आला तर चालतं. मधल्या पाण्यावर पांढरं दिसायला लागलं की बंद. वारं आपल्या पाठीकडून तळ्यात जात असेल तर त्याच्याही आधी बंद, कारण धक्क्याजवळचं पाणी बांधाच्या आडोशाला निवांत असतं आणि माणूस तेवढंच बघून फसतो. पाठीवर वारं घेऊन बोट भराभरा मधोमध जाते. वाऱ्यानं नेलेलं असतं, आणि ह्या शहाण्याला वाटतं आपल्या मांड्यांनी नेलं. परत फिरायच्या वेळेला मांड्या कळतात. मग "ओ काका, ओ काका" सुरू, आणि नावाड्यानं मोटर लावून त्यांना शेळीसारखं ओढून आणायचं. धक्क्यावर उतरल्यावर आभार न्हाईत. "तुमच्या बोटीचं पायडल खराब आहे," म्हणतात.

पण ह्या सगळ्याहून वाईट म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. सकाळपासून अंगाची लाही, दुपारी वारं एकदम पडतं, पान हलत नाही, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. मावळतीकडं ढग नुसता उभा असतो, हलत नाही, गरजत नाही. ती वेळ सगळ्यात धोक्याची. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात धुळीचा लोट घेऊन वळवाचं वारं कधी येईल, त्याचा नेम नाही. म्हणून वारं पडलं की मी साखळी लावायचो. आणि नेमकं तेव्हाच लोक मला वेड्यात काढायचे. वारं सुटल्यावर बंद केलं तर कुरकुरत का होईना, ऐकतात. वारंच नसताना बंद केलं की म्हातारा कामचुकार.

एकेक नमुने बघितले. लातूरच्या क्लासचा एक मास्तर आला होता. पोरांना फिजिक्स शिकवत होता म्हणे. मला म्हणाला, "पाणी स्थिर आहे, वारा शून्य आहे, तुम्ही कशाच्या आधारावर बंद केलं ते लॉजिक सांगा." मी म्हणालो, "लॉजिक तिकडं उभं आहे," आणि ढग दाखवला. तो हसला. दुसऱ्या एकानं कुठल्यातरी साहेबाला फोन लावून तो माझ्या कानाला चिकटवला. मी साहेबाला म्हणालो, तुम्ही या, तुम्ही पुढं बसा, मग सोडतो. साहेबाला अचानक मीटिंग आठवली. बायका नवीन साड्यांवर जाकीट घालायला तयार नसायच्या, फोटो बिघडतो. पुरुषांचं आणखी वेगळं, जाकिटाचे पट्टे पोटावर पुरत नाहीत, हे चारचौघांत दिसू नये म्हणून ते लटकतेच ठेवायचे. असल्या लोकांची मला कीव यायची न्हाई, चीड यायची. जीव स्वतःचा, आणि त्याची काळजी मी करायची, वर शिव्याही मी खायच्या.

पण सहा वर्षांत एकदाही, लावलेली साखळी मी कुणासाठी काढली नव्हती. ह्याची मला लई घमेंड होती. घरीदारी सांगायचो. लेक लहानपणापासून माझं हे पाण्याचं पुराण ऐकत मोठी झाली. कॉलेजात असताना सुट्टीला धक्क्यावर येऊन बसायची आणि माझ्या आधी म्हणायची, "आप्पा, वारं पडलं. लावा साखळी."

ती लेक नांदेडला दिली. पोरगा बँकेत होता. लग्न झाल्यावर वर्षाच्या आतच अधिक महिना आला, तोही ऐन उन्हाळ्यात. धोंड्याचा महिना आमच्याकडं काय असतो, ते ज्याला पोरगी आहे त्यालाच विचारा. जावई म्हणजे त्या महिन्यात साक्षात नारायण. मग तो कसाही असो. आमचा नारायण स्वतःच्या गाडीतून आला, अर्धापूरच्या केळीचा घड घेऊन, तोही डिकीत उन्हानं काळा पडलेला. आल्या आल्या त्यानं मला सांगितलं की आमच्या फाट्यावरचा रस्ता चुकीचा बांधलाय. जेवताना सांगितलं की तूप मोजून खायला पाहिजे, आणि पुरणाचे चार धोंडे तुपात बुडवून खाल्ले. सकाळी मी स्वतः पाट मांडून, पितळी परातीत त्याचे पाय धुतले होते. पाय धुताना तो फोनवर बोलत होता. मी दुसरा पाय परातीत घेतला. त्या दिवशी जावयाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुमचं तळं तरी दाखवा." निघालो. बायको, लेक, जावई आणि मी.

धक्क्यावर पोचलो तर साखळी लागलेली. माझ्या जागी त्या दिवशी नावाडी बघत होता, त्यानं लावली होती. बरोबरच होतं. पान हलत नव्हतं, पाणी गुळगुळीत, मावळतीला ढग. जवळच्या मुरुडहून आलेलं एक कुटुंब परत पाठवलेलं, ते कडेला चहा पीत बसलं होतं.

जावयानं साखळीला हात लावला. "काढा की मामा. बोट मारू."

"पाव्हणे, आज नको. वारं पडलंय."

"तेच तर म्हणतोय. वारं नाही, काही नाही. ह्याच्याहून चांगली वेळ कुठली?" त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. पाऊस शून्य दाखवतंय. तुम्ही उगं भिऊन राहिलात."

त्या मोबाईलमध्ये लातूरचं हवामान होतं. तळ्याचं नव्हतं, ढगाचं तर नव्हतंच. हे मी मास्तरला सुनावलं असतं, साहेबाला सुनावलं असतं. जावयाला म्हणालो, "तसं नव्हे पाव्हणे, उन्हाळ्याचं जरा..." सहा वर्षं दाराशी आलेल्या प्रत्येकाला फाडून खाणारा मी, आणि सकाळी ज्याचे पाय धुतले त्याच्यासमोर जीभ टाळूला चिकटली.

बायकोनं मला मागून चिमटा काढला. हळूच म्हणाली, "आजच्या दिवस नाही म्हणू नका. पहिला धोंडा आहे. नांदेडला जाऊन काय सांगतील?"

लेकीनं एकदा ढगाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी खाली वाकून जाकिटं उचलली.

"बांधाच्या कडंकडंनं जा," मी म्हणालो. "मधी जायचं नाही. एक चक्कर, आणि लगेच फिरा."

नावाडी पुढं आला. "आप्पा, वारं पडलंय."

"माहीत आहे मला."

तो बाजूला थुंकला, मोटरबोटीत जाऊन बसला आणि टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायला लागला. मी साखळी काढली. लेकीच्या जाकिटाचे पट्टे आवळले, दोनदा ओढून बघितले. जावयानं स्वतःचे पट्टे लावू दिले नाहीत, "असू द्या मामा" म्हणाला. मी म्हणालो, "बसा." दोघं बसली, बोट सुटली, आणि मी साखळी परत लावली, कारण मुरुडची मंडळी लगेच उठून आली होती. त्यांच्यातला म्हातारा साखळीशी उभा राहून म्हणाला, "जावयाला वारं लागत न्हाई वाटतं." मी साखळीचा आकडा पुन्हा ओढून बघितला.

बांधाच्या कडंकडंनं जायचं सांगितलं होतं. पन्नास पायडलं मारली नसतील, बोट वळली मधोमध. जावई हात वर करून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत होता. मी ओरडलो, ऐकू गेलं नसावं. मग पाठीमागून एक गार झुळूक आली. लोकांना ती बरी वाटते, मुरुडची पोरं तर खूश झाली. मी दोन्ही हात हलवून फिरा फिरा ओरडलो. झुळूक त्यांना आणखी आत घेऊन गेली, आणि बांधापलीकडं रानातली धूळ उठली. पाणी बांधाकडून काळं पडत गेलं, ते माझ्या डोळ्यांदेखत बोटीपर्यंत पोचलं.

मी मोटरबोटीत कसा चढलो, आठवत नाही. नावाड्यानं दोरी ओढली, मोटर लागली नाही. परत ओढली, नाही. तिसऱ्यांदा लागली. तोवर धुळीनं तळं दिसेनासं झालं होतं आणि थेंब तोंडावर खड्यांसारखे लागत होते. नावाडी म्हणाला, "वारं पलीकडच्या दगडावर नेईल, तिकडंच बघू." तळ्याच्या पलीकडच्या कडेला लाटांनी माती खाऊ नये म्हणून मोठे दगड लावलेत. त्या दगडांवर बोट आपटली की काय होतं, ते मला नोकरीपासून माहीत होतं. मी सगळ्या वाटेत लेकीला हाका मारत होतो. आवाज माझ्याच तोंडात परत येत होता.

बोट उलटी सापडली, दगडांपासून दहा-बारा हातांवर. जावई उभा राहिला असणार, त्याशिवाय असली बोट उलटत नाही. त्याचं जाकीट गळ्याशी चढलं होतं, नाकातोंडात पाणी जात होतं. पण त्याच्या एका हाताला लेकीच्या जाकिटाचा पट्टा गुंडाळलेला होता, आणि तो त्यानं सोडला नव्हता. बोटं निळी पडली होती. तेवढं त्याचं मला मान्य करावंच लागतं. नावाड्यानं आधी तिला ओढून घेतलं, मग त्याला. तिच्या कपाळातून रक्त येत होतं, दोन्ही तळवे खरचटलेले. ती रडत नव्हती. मी रडत होतो.

घरी आल्यावर बायकोनं हळद-तूप लावलं, डॉक्टर येऊन टाके घालून गेले, धोक्याचं काही नाही म्हणाले. संध्याकाळी जावई माझ्यासमोर येऊन बसला. सकाळपासूनचा ताठा गेला होता, नुसतं पोरगं दिसत होतं. मान खाली घालून म्हणाला, "मामा, चुकलं माझं. मी ऐकायला पाहिजे होतं."

आणि मी, माझी लाज कुठं ठेवू, मी त्याला सुनवायला लागलो. मोबाईलवर विश्वास ठेवता, जुन्या माणसाचं ऐकत नाही, पाण्याशी मस्ती करता, तुमच्यासारखे रोज येतात धक्क्यावर. मास्तराचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं. लई बोललो. तो बिचारा ऐकून घेत होता, मान हलवत हाव हाव म्हणत होता. दुपारी जे तोंड उघडलं नाही, ते आता पोरगं खाली बघतंय म्हटल्यावर बंद होईना.

लेक आतल्या खोलीत पडली होती. ती उठून दारात आली. डोक्याला पट्टी, आवाज अगदी नेहमीसारखा.

"त्यांना कशाला बोलता, आप्पा?" ती म्हणाली. "त्यांना काय कळतं पाण्यातलं. मला कळत होतं. मला भ्याव पण वाटत होतं. पण तुम्ही बसा म्हणालात. मला वाटलं, धोका असता तर आप्पांनी मला बसू दिलं नसतं."