वाय-फायवरचं ‘व्हय, व्हय’

वाय-फायवरून बोलायचा मला वीट आला होता. नेवाशाजवळच्या आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून आईसाठी वाय-फाय बसवून मी नोकरीवर नगरला परतलो. बसवलं तेव्हा आवाज खणखणीत होता. मग मात्र रोजच्या फोनवर तिचं ‘व्हय, व्हय’ तुटत, घरघरत यायचं. दोन महिने मी कंपनीवाल्यांना शिव्या घातल्या. त्यांचं गोडगोड ‘तक्रार नोंदवली आहे’ ऐकून शिसारी यायची.

शेवटी सुट्टी काढून घरी गेलो. वाय-फायचा डबा आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घड्यांवर, डांबरगोळ्यांशेजारी होता. वायर तेवढी दाराच्या फटीतून बाहेर आलेली.

“तूच म्हनला हुता, महागाचा हाय, जपून ठेव,” आई म्हणाली.

माझं डोकंच सणकलं. “अगं, मग माझं बोलणं तुला ऐकू तरी येत होतं का?”

“न्हाई.”

“आणि रोज ‘व्हय, व्हय’ म्हणायचीस ते?”

“तू रोज तेच इचारतो. जेवली का, गोळी घेतली का. त्याला ऐकू कशाला यायला पायजे?”