घरं संपतात तिथपर्यंत

सक्करदऱ्याच्या बाजारात मी वांगी निवडत होते, तेव्हा पुण्याहून माझ्या भाचीचा, श्वेताचा फोन आला. "मावशी, बाबा सकाळपासून फोन उचलत नाही आहेत. जरा जाऊन पाहशील?" मी हातातली पिशवी तशीच घेऊन ऑटोत बसले. वाटेत स्वतःची समजूत घालत होते... फोन चार्जिंगला लावून विसरले असतील, मागच्या अंगणात असतील, आंघोळीला गेले असतील. हुडकेश्वरला त्यांच्या घराच्या फाटकापाशी शेजारच्या निर्मलाबाई उभ्या होत्या. त्यांनी फक्त माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि मला कळलं.

मिलिंद भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे पती. वीज खात्यात अभियंता होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. भेटायला आलेले लोक म्हणत होते, चांगलं मरण आलं, त्रास झाला नाही. मी मान हलवत राहिले. पण ताई गेल्यानंतरचे भाऊजी ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना ठाऊक आहे की त्रास आधीच होऊन गेला होता. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी त्यांच्या नोकरीतल्या सचोटीबद्दल लोक बोलले, वस्तीतल्या बुद्ध विहारासाठी त्यांनी उपसलेल्या कष्टांबद्दल बोलले. गाडीबद्दल कोणीच बोललं नाही. मलाही त्या दिवशी तोंड उघडता आलं नाही. आता काही आठवडे गेलेत, म्हणून हे लिहिते आहे.

ती गाडी विलायती होती, दोन सीटची, उघड्या टपाची, बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाची. वयानं भाऊजींपेक्षा थोडी मोठीच. सदरमधल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यात ती उभी असायची आणि भाऊजी शाळकरी असताना सायकलवरून जाता-येता फाटकातून तिच्याकडे पाहायचे. डॉक्टर वारले, त्यांच्या मुलांना अडगळ नको होती, आणि भाऊजी ती घेऊन आले. ताईनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोनच सीटा? पोरगी कुठं बसंन, डिक्कीत?" भाऊजी हसले. "पोरगी तर चालली होस्टेलले. आता आपण दोघंच आहो." त्यानंतरची काही वर्षं मला ते दोघं नेहमी त्या गाडीतच आठवतात. ताई पदर डोक्यावरून घट्ट बांधून घ्यायची, तरी परत येईपर्यंत केसांचं घरटं झालेलं असायचं. त्यांची ठरलेली फेरी म्हणजे उमरेड रोड. हुडकेश्वरला त्यांनी घर बांधलं तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीला शेत लागून होतं. मग प्लॉट पडत गेले, लेआउट वाढत गेले. दर वर्षी दोघं गाडी काढायची आणि घरं कुठं संपतात ते पाहून यायची. परत आल्यावर ताई मला फोन करून सांगायची, "वंदे, या वर्षी पार नाल्याच्या पलीकडे गेली गा वस्ती!" मला 'गा' म्हणायची, जसं काही मी तिचा भाऊच.

मग गाडीत आवाज यायला लागला. गतिरोधकावरून गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून 'खट्' असा, आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढायची. भाऊजींनी आधी शॉकअप बदलले, कारण ज्याला विचारावं तो शॉकअपच सांगत होता. आवाज गेला नाही. मग त्यांनी चाकाचे बेअरिंग पाहिले, स्टिअरिंगचे सांधे पाहिले. तेव्हा ते घाईत नव्हते. सुटीतलं कोडं सोडवावं तसं त्यांचं निवांत चाललं होतं... आणि त्याच हिवाळ्यात ताईचा आजार उलटला. स्तनाचा कर्करोग होता, बरा झाला असं आम्ही समजून चाललो होतो. तो पाठीच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी बजावलं, हाडं ठिसूळ झाली आहेत, धक्का लागता कामा नये. दवाखान्यात न्यायचं तर मोठ्या गाडीत गाद्या आणि उशा रचून, गोगलगाईच्या चालीनं न्यायचो. तरी प्रत्येक खड्ड्याला तिचे ओठ पांढरे पडायचे.

एका दुपारी मी तिला मुगाची खिचडी भरवत होते. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. ती मधेच म्हणाली, "अहो, मले एक डाव आपल्या गाडीत फिरवून आणा."

"मोठ्या गाडीतून जाऊ ना. गाद्या टाकू."

"त्या गाडीत नाही. आपल्या."

"कुठं जायचं?"

"उमरेड रोडनं. घरं संपतात तिथपर्यंत."

थोड्या वेळानं भाऊजी उठून बाहेर गेले, आणि पोर्चमधून जॅक लावल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून मी त्यांची मदतनीस झाले. माझी शाळेची नोकरी नुकतीच संपली होती आणि ताईकडे मी रोज जातच होते. ताईचा डोळा लागला की भाऊजी मला खुणेनं बाहेर बोलवायचे. पुढची चाकं त्यांनी लाकडी फळ्यांच्या उतारावर चढवून ठेवलेली असायची. मी आत बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं आणि त्यांनी खाली झोपून टॉर्चच्या उजेडात पाहायचं. "हलव... थांब. परत हलव. आता ब्रेक दाब वं. सोड." चाक धरून ठेवणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेलं असतं, तिथं रबराचं एक बुश असतं. धक्का रबरानं गिळायचा, लोखंडानं लोखंडावर आपटायचं नाही, एवढंच त्याचं काम. भाऊजींनी फटीत पहार घालून एकेक दांडा उचकटून पाहिला. एका दुपारी खालून त्यांचा आवाज आला, "सापडलं! वंदना, सापडलं वं!" डाव्या बाजूच्या खालच्या दांड्याचं बुश फाटून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. उजव्या बाजूचंही त्याच वाटेवर होतं. ते काळ्या हातांनी तसेच आत धावले आणि झोपलेल्या ताईला उठवून रबराचा तुकडा दाखवला. ती म्हणाली, "एवढुसं?"

नवीन बुश इथं मिळत नव्हते. फोनवर फोन करून बाहेरगावाहून मागवले. ते येईपर्यंत उन्हाळा लागला होता. ताई आता कमरेच्या पट्ट्याशिवाय उठून बसू शकत नव्हती. भाऊजींनी एका वर्कशॉपमध्ये जुने बुश दाबून काढून घेतले, नवे बसवून आणले, आणि दांडे घरीच जोडले. भर दुपारी, कूलर नाही, पंखा नाही, पोर्चची फरशी तापलेली. मी म्हटलं, "संध्याकाळी करा ना भाऊजी, काहून एवढी घाई?" ते म्हणाले, "घाई नको करू तर काय करू?" गाडी जॅकवर उंच होती, चाकं हवेत लोंबत होती. त्यांनी तसेच सगळे बोल्ट पूर्ण ताकदीनं आवळले आणि मग जॅक उतरवला.

रविवारी जायचं ठरलं. मी सकाळीच गेले. ताईला पांढऱ्यावर निळी फुलं असलेली साडी नेसवली, पट्टा बांधला. उन्हाळ्यातही तिचे पाय गार पडायचे, म्हणून तिनं मोजे मागितले. ते तिनं स्वतः घातले. मला हात लावू दिला नाही. एकेक मोजा चढवायला तिला किती वेळ लागला... भाऊजी शेवटची चाचणी म्हणून एक चक्कर मारायला गेले होते. आधीच्या दिवसांत गाडी जरा कडक वाटत होती, पण नवीन रबर आहे, मऊ होईल, असं ते म्हणत होते. ताई पलंगाच्या काठावर दाराकडे तोंड करून बसली होती. गाडी गल्लीत वळली आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून आली, आणि आम्हा दोघींनाही तो आवाज ऐकू आला. खट्.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "आज नको," म्हणाले.

ताई म्हणाली, "बरं." मग मला म्हणाली, "पट्टा सोड वं, टोचून राहिला."

त्या दुपारी भाऊजी बराच वेळ गाडीखाली होते. खालून ना पान्याचा आवाज, ना टॉर्चचा उजेड. मी वाकून हाक मारली तेव्हा ते सरकत बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले. नवे बुश फाटले होते. त्यांनी मला ते जसं समजावलं, ते मी विसरू शकत नाही. त्या बुशातलं रबर फिरत नसतं, ते पिळलं जातं. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, तिचं सगळं वजन पडल्यावरच बोल्ट आवळायचे असतात. चाकं लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली उतरल्याबरोबर रबराला जन्माचा पीळ बसतो, आणि ते फाटतं. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "हे मले माहीत होतं, वंदना. मीच फाडले." मी दुसरे मागवू म्हटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी मागवले. पण सामान पुरवणाऱ्याकडे जोडी शिल्लक नव्हती, परदेशातून यायची होती. भाऊजी रोज फोन करायचे. ताईनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर ती उठूनही बसली नाही. उन्हाळा सरायच्या आत गेली.

बुश ती गेल्यावर आले. कुरिअरवाल्याकडून मीच ते घेतले. ते भाऊजींना द्यावे की कपाटात टाकून द्यावे, हे मला ठरवता येईना... शेवटी दिले. मला वाटलं होतं ते उघडणारही नाहीत. पण त्यांनी ते बसवले, अगदी सावकाश, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. बोल्ट आवळायच्या दिवशी मला फोन करून बोलावून घेतलं. गाडी चाकांवर उभी होती, फळ्यांच्या उतारावर. म्हणाले, "तू जरा आत बस. गाडीवर माणसाचं वजन पाहिजे. तुयं वजन सुनंदाएवढंच आहे... आजाराच्या आधी होतं तेवढं." मी बसले. खालून पाना फिरल्याचा आवाज येत होता. तेव्हा त्यांना थोडं बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "भाऊजी, ताईले कळत होतं सगळं. तुमचं मन कशात तरी लागावं म्हणून म्हणाली असंन ती." पाना थांबला. "नाही वं," ते खालून म्हणाले. "तिले जायचं होतं. तिनं मोजे घातले होते." मग पाना पुन्हा सुरू झाला. ते खरंच होतं. मलाही ते माहीत होतं.

त्या संध्याकाळी ते मला घेऊन उमरेड रोडला गेले. मी नाही म्हणू शकले नाही. गल्लीतला गतिरोधक आला, गेला. आवाज नाही. रस्त्याचे खड्डे आले, एक पूल आला. गाडी अशी चालत होती जशी पाण्यावरून जात असावी. घरं मात्र संपत नव्हती. लेआउट, मंगल कार्यालय, कॉलेज, परत लेआउट. बऱ्याच वेळानं दोन्ही बाजूंना नुसती शेतं लागली, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"आवाज गेला," ते म्हणाले.

"हो."

"कोणाले सांगू आता?"

त्यांनी गाडी वळवली. त्यानंतर ती पोर्चमधून बाहेर निघाली नाही.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. श्वेतानं त्यांना पुण्याला नेलं, ते महिन्याभरात परत आले. "तिथं मले करमत नाही," एवढंच कारण. मी डबा पाठवायची, अर्धा डबा परत यायचा. मी रागावले तर म्हणायचे, "जेवून राहिलो ना वं." रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या की नाही हे विचारलं की हो म्हणायचे. त्यांच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं भरलेलीच सापडली. ते भांडले नाहीत, रडले नाहीत, कोणावर चिडले नाहीत. चांगल्या माणसाला शोभेल अशा शांतपणे ते संपत गेले आणि आम्ही सगळे पाहत राहिलो. मी शिक्षिका होते, मला बोलता येतं, समजावता येतं, असं मी आयुष्यभर समजत आले. एका माणसाला दोन घास जास्त जेवायला लावणं मला जमलं नाही.

गेल्या आठवड्यात श्वेता घर आवरायला आली होती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती गाडी ठेवणार कुठं? अमरावतीचे एक गृहस्थ ती घ्यायला आले, सज्जन वाटले, जुन्या गाड्यांवर जीव असलेले. बॅटरी मेलेली होती, टायर बसले होते. ते गाडीखाली वाकले, पुढची चाकं धरून हलवून पाहिली आणि म्हणाले, "बुश नवे आहेत. ज्यानं बसवले त्यानं फार निगुतीनं बसवलेत." श्वेतानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्यांनी दोन्ही दारं उघडली आणि डाव्या बाजूला जरा थबकले. "ड्रायव्हरची सीट ठीक आहे. पण ही तर पार खाली गेली. शिवणही उसवली. इथं कोणी जड माणूस बसायचं का?"

"आई बसायची," श्वेता म्हणाली. "पण ती जाऊन तर..."

निर्मलाबाई कुंपणाच्या पलीकडून ऐकत होत्या. "काका बसत ना," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी. गाडी इथंच उभी, अन् काका त्या बाजूले बसले राहात, अंधार पडेपर्यंत. मी एकदा विचारलं, काका, काहून बसता इथं? तर म्हणे, काही नाही, असंच."

मला हे माहीत नव्हतं. मी आठवड्यातून दोनदा त्या घरी जात होते आणि मला हे माहीत नव्हतं.

ते गृहस्थ जरा अवघडले. हळू आवाजात म्हणाले, "नाही, हरकत नाही. ही सीट मी बदलूनच टाकीन." श्वेता पुढे गेली, सीटच्या त्या खोलगट जागेवर तिनं एकदा तळहात ठेवला, आणि मग स्वतःच दार लावलं. बाहेर ट्रक उभा होता. गाडी ढकलायला माणसं कमी पडत होती, म्हणून मीही मागून हात लावला.