चांद मिस्तरीच्या चिमण्या

चांद मिस्तरीला बारीक आवाज ऐकू येत नव्हता, आणि त्याचं पोट चालायचं गाड्यांमध्ये बारीक आवाज बसवून. आता बोला! धुळ्यात पारोळा रोडवर त्याचं आणि माझं दुकान एकाच पत्र्याखाली. मी जीवराम, कुशनवाला. सीटची कव्हरं शिवायची, दरवाज्यांचे आतले पुठ्ठे काढायचे, बसवायचे, हे माझं काम. पुठ्ठ्याच्या आतलं सगळं चांदचं. दिवसातून एकदा तरी आमचं वाजायचं, पण इतकी वर्षं खेटून बसलो तरी त्याच्या कानाचं मला कळलं नव्हतं.

तरुणपणी तो लग्नांत भोंगे लावायचा. भोंग्याच्या तोंडाशी बसून बसून कानाचं पार भरीत झालं. बोललेलं त्याला समजायचं, माणूस समोर असला की चांगलंच समजायचं. गेलं होतं ते टोकाचं, म्हणजे शिट्टी, झांजेची किणकिण, पाखराचा आवाज. गाडीत काचेखालच्या कोपऱ्यात बोटभर स्पीकर असतो, त्याला सगळे ट्विटर म्हणतात. चांद त्याला चिमणी म्हणायचा. तीच नेमकी त्याला ऐकू येत नव्हती.

दुपारी सकीनाभाभी डबा घेऊन यायच्या आणि जी गाडी कामाला असेल तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. चांद टेप लावायचा, आवाज डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायचा. भाभींचं बोट मांडीवरून वर व्हायचं, खाली व्हायचं. मला वाटायचं, बाईला गाडीत बसायची हौस आहे. आज कोणाची गाडी पसंत केली म्हणून मी चिडवायचो, आणि त्या हसून डबा उघडायला लागायच्या.

त्याच्या कामाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. कंपनीची वायर तो कापायचा नाही. बाकीचे सरळ पक्कड घालून तोडायचे, पिळा मारायचे, वर चिकटपट्टी गुंडाळायचे. चांद वायर शोधत शोधत तिच्या प्लगपर्यंत जायचा, प्लग सोडवायचा आणि आपलं जोडकाम वेगळ्या तुकड्यावर करायचा. उद्या मालकाला जुनं परत हवं झालं तर काय, असं म्हणायचा. स्पीकर उलटा जोडला गेलाय का, हे तो साध्या सेलने बघायचा. तारा टेकवल्या की पडदा बाहेर येतो की आत जातो, ते डोळ्यांनी दिसतं. त्याला कान लागत नाही. आता आठवलं की कळतं, त्याने अर्धा धंदा डोळ्यांवर आणि बोटांवर आणून ठेवला होता. उरलेला अर्धा भाभींवर होता.

सत्त्याण्णव साली भाभी नंदुरबारला गेल्या, बहिणीच्या बाळंतपणाला. आणि नेमके तेव्हाच चाळीसगावचे झुलालनाना नवीकोरी गाडी घेऊन आले. नानांची कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता, माणूस वजनदार, तालुक्यात शब्दाला किंमत. लेकीच्या हौसेखातर त्यांनी दुसरीकडून दरवाज्यांत भारी स्पीकर बसवून घेतले होते. त्या स्पीकरबरोबर त्यांच्या चिमण्या आल्या, पण कंपनीच्या चिमण्याही तशाच चालू राहिल्या. एका दरवाज्यावर दोन दोन चिमण्या! आवाज कानात टोचायचा आणि ओझं जास्त झालं की टेप तापून बंद पडायचा. म्हणून कोणीतरी कंपनीच्या चिमणीचा प्लग काढून पाहिला, तर दरवाजाच मुका झाला. घाबरून त्याने परत लावला. नाना वैतागून म्हणाले की हे नीट झालं तर जिनवाल्यांच्या सगळ्या गाड्या इथे येतील, नाही झालं तर तेही ते चार जणांना सांगणारच.

मी पुठ्ठे काढले. चांदने वायरी चाचपल्या आणि त्याला खूण पटली. तो नानांना म्हणाला, "नाना, ही वायर टेपवरून सरळ दरवाज्यात जात नाही. आधी चिमणीकडे जाते, तिथून पुढे दरवाज्यात. मुंबईहून धुळ्याला यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते ना, तसं. त्यांनी चाळीसगावचं स्टेशनच उचलून टाकलं, मग धुळ्याला गाडी येईल कुठून?"

नाना गावाचं नाव ऐकून खूश. चांदने छोटा तुकडा बनवला, प्लगात येणारी वायर जाणाऱ्या वायरला जोडणारा. कंपनीची चिमणी सुटली आणि दरवाजा बोलता राहिला. दोन्ही बाजूंनी तसं करून त्याने टेप लावला. मग नाना मागे बसले आणि म्हणाले, ऐका मिस्तरी, आता टोचतंय का सांगा.

चांदचं बोट टेपच्या बटणावर तसंच राहिलं. मला कळेना, याला झालं काय. नुसतं "एकदम गोड" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. दुसरा कोणी तेच म्हणाला असता. अहो, मीच म्हणालो असतो!

त्याने टेप बंद केला, मागे वळला आणि नानांकडे बघून म्हणाला, "नाना, खोटं बोलणार नाही. मला चिमणीचा आवाज ऐकूच येत नाही. माझी घरवाली ऐकते, मी जोडतो. ती गावाला गेलीय."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. बहिरा मिस्तरी म्हणून एकदा नाव झालं की या रस्त्यावर कोण गाडी लावणार होतं त्याच्याकडे? धंदा बसला याचा, असं मला वाटलं. त्याचा रागही आला. माझ्यापासून लपवलं, आणि सांगितलं कोणाला, तर परक्या गिऱ्हाइकाला!

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, "माले बी कोठे ऐकू येस, चांदभाऊ? जिनमा जलम गया मन्हा. पोर म्हनस टोचस, म्हनीसन मी बी म्हनस टोचस."

जिनच्या खडखडाटात त्यांचेही कान गेले होते आणि तेही घरात कोणाला सांगत नव्हते. गाडीत दोन माणसं, टेप भारी, स्पीकर भारी, आणि ऐकणारं कोणीच नाही. आधी नाना हसले, मग चांद हसला, आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

मी खूप नखरे केले. मला गाण्यातलं काही कळत नाही म्हणालो. पण बसवलंच मला मागे. चांद आवाज इकडून तिकडे फिरवायचा आणि चिमणी ऐकू आली की मी भाभींसारखं बोट वर करायचो. उजवीकडे छान होतं, डावीकडे जरा जास्त किणकिण होती. मी सांगितलं, त्याने त्या चिमणीचं तोंड किंचित फिरवलं. पुन्हा ऐकलं. दोन्हीकडून सारखा, मऊ आवाज आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला तोंडावर म्हणालो की गड्या, तुझ्या हाताला तोड नाही. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण मी मागे होतो.

नानांनी शब्द पाळला. चाळीसगावहून, पाचोऱ्याहून गाड्या यायला लागल्या. चांदने आता काहीच लपवलं नाही. गाडी लागली की तो आधी कानाचं सांगायचा, मग हात लावायचा. एकही गिऱ्हाईक उठून गेलं नाही. भाभी नंदुरबारहून येईपर्यंत ऐकायचं काम माझ्याकडे होतं आणि खरं सांगतो, मला त्याची चटक लागली होती.

एका दुपारी मी असाच कोणाच्या तरी गाडीत डोळे मिटून, बोट वर करून बसलो होतो. दरवाजा उघडला. बाहेर सकीनाभाभी, हातात डबा. बाजूच्या दुकानांतली माणसं बघत होती, चांद बघत होता, गिऱ्हाईक बघत होतं. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उठा जीवरामभाऊ. ती जागा मन्ही शे."

मी त्यांच्या जागेवरून उठलो. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि बोट वर केलं. चांदने टेप लावला.