बंधाऱ्याचे दरवाजे

ती केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. केदारखेड्याच्या बाजूचे एक गाव. दुष्काळाला तोंड द्यायचे म्हणून गावाने स्वतः आराखडा केला आणि घरोघर वर्गणी काढून जुन्या बंधाऱ्याला लोखंडी दरवाजे बनवून घेतले. पावसाळा सरता सरता ते बसवले की नदीचे शेवटचे पाणी अडते, विहिरी उन्हाळाभर टिकतात. बसवायच्या आठवड्यातच ते चोरीला गेले.

फिर्याद द्यायला बचत गटाच्या अध्यक्षा आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

"साहेब, जल्दी शोधा. नदी आटल्यावर दारं घेऊन काय करू? माझी मोसंबी गेली तर मला गावात ऱ्हाता यायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने एका भंगारवाल्याचे नाव सांगितले. त्याच्या गोदामात दरवाजे नव्हते, पण कोपऱ्यात रबरी पट्ट्या पडल्या होत्या. पाणी झिरपू नये म्हणून गावाने दरवाज्यांच्या कडेला ट्यूब कापून, बोल्टसाठी मापाने भोके पाडून अशाच पट्ट्या बसवल्या होत्या.

"ह्या कशाच्या रे?"

"पंक्चरवाल्यानं टाकल्या, साहेब."

"पंक्चरवाला मापानं भोकं पाडतो काय?"

"त्याला टाइम लई असतो, साहेब."

हवालदार हसले. भंगारवाल्याने तिसऱ्यांदा प्यायला पाणी मागितले. खोटे बोलणाऱ्याचा घसा लवकर कोरडा पडतो, हा माझा अनुभव. दुपारपर्यंत त्याने जागा दाखवली. कडब्याच्या गंजीखाली सगळे दरवाजे शाबूत होते. पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्याच्या आवारात आला.

इथवर मी चोख होतो. पुढचे सांगायला जड जाते.

दरवाजे परत मिळावेत म्हणून मावशींनी न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने आमचे म्हणणे मागवले. 'हरकत नाही' एवढे लिहून सही करायची होती. मी केली नाही. वरिष्ठांच्या हस्ते समारंभाने दरवाजे परत करावेत, वर्तमानपत्रात फोटो यावा, असे माझ्या डोक्यात होते आणि वरिष्ठांना वेळ मिळत नव्हता. मावशी रोज ठाण्यात येत.

"कागद झाला का, साहेब?"

"नियमानं होईल, मावशी."

"मंग नदीला सांगू का, थांब म्हणून?"

समारंभ झाला तेव्हा नदीत वाळू उघडी पडली होती. मावशींनी एका दरवाज्यावरून हात फिरवला. उन्हाळ्यात त्यांची मोसंबी वाळली. त्या लेकीकडे निघून गेल्या. कुठे, हे मी तेव्हा विचारलेही नाही.

चोर आणि माल सापडला की तपास संपला, असे मी नोकरीभर मानले. त्या गावाला दरवाजे पाणी वाहते होते तोवर हवे होते. एवढी साधी गोष्ट मला फार उशिरा कळली.

निवृत्तीनंतर गावात चौकशी केली. लेक-जावई कामासाठी गावोगाव फिरतात. आता कुठे असतील, कुणाला सांगता आले नाही. तरी दरवर्षी पावसाळा सरला की मी बंधाऱ्यावर जातो. दरवाजे बसलेले असतात, पाणी काठोकाठ असते. ते एकदा मावशींना दाखवायचे आहे. पलीकडून कुणी बाई येताना दिसली की मी उठून उभा राहतो. ती जवळ येते, चेहरा वेगळाच असतो. मग मी नमस्कार करून तिला वाट देतो.